वरदेच्या तीरावरून कालिदास : मराठी नाट्यपरंपरेवरील प्रभावाचा एक फेरविचार

कालिदासाच्या प्रभावाविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले आहे त्यातील बरेचसे लेखन गौरवाच्या अंगाने जाते. आषाढाच्या पहिल्या दिवशी व्याख्याने होतात, मेघदूताच्या मराठी अनुवादांची यादी सांगितली जाते, शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील निरोपाचा प्रसंग उद्धृत होतो आणि कविकुलगुरूला वंदन करून सभा संपते. विदर्भात या गौरवाला प्रादेशिक अभिमानाचीही जोड मिळाली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी 'कालिदास' या आपल्या ग्रंथात रामगिरी म्हणजे रामटेक हे मत साधार मांडले. छत्तीसगडमधील रामगढच्या बाजूने बोलणारे अभ्यासक असले तरी वैदर्भीय मनाने रामटेकचा कौल केव्हाच स्वीकारला आहे. टेकडीवर कालिदासाचे स्मारक उभे आहे आणि १९९७ साली स्थापन झालेले संस्कृत विश्वविद्यालयही त्याच्याच नावाने तेथे चालते. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु या साऱ्यात कालिदास हा कवी म्हणून जितका उपस्थित असतो, तितका नाटककार म्हणून असत नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला खटकत आली आहे. प्रभाव मोजायचा तर तो नाटककाराचा मोजावा आणि नाटककार ज्या गोष्टींनी नाटककार ठरतो त्या कसोटीवर मोजावा, या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

विदर्भ प्रत्यक्ष ज्यात येतो ते कालिदासाचे नाटक 'मालविकाग्निमित्र' होय. त्याची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या आहे. यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांच्या सत्तास्पर्धेत तिचा भाऊ माधवसेन कैद होतो, ती निसटते आणि दासीच्या वेषात विदिशेच्या अंतःपुरात येऊन पोहोचते. पाचव्या अंकात अग्निमित्र विदर्भाचे राज्य या दोघा भावांत वाटून देतो आणि वाटणीची रेषा म्हणून वरदा नदी ठरवतो. वरदा म्हणजे आजची वर्धा, असे अभ्यासक मानतात. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राला पाणी पुरविणारी इरई पुढे ज्या वर्धेला मिळते तीच ही नदी. राजुऱ्याकडील भाग सोडला तर चंद्रपूर जिल्ह्याची पश्चिम सीमा आजही बहुतांशी तीच आहे आणि इंग्रजी अमदानीत वऱ्हाड व मध्यप्रांत यांच्या दरम्यानची सीमाही तीच होती. विदिशेच्या दरबारात बसून आखलेली एक काल्पनिक रेषा इतकी टिकावी, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. मात्र आपल्या महाविद्यालयांतून कालिदास शिकविताना यक्षाचा डोंगर आवर्जून सांगितला जातो आणि नाटकातील नदी सांगितली जात नाही, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

जुने ते सगळेच चांगले नव्हे

'मालविकाग्निमित्र' हे कालिदासाचे पहिले नाटक असावे, असा बहुतेकांचा कयास आहे. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधाराचा साहाय्यक शंका काढतो की भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या नामवंतांची नाटके असताना या नव्या कालिदासाचे नाटक प्रेक्षकांनी का पाहावे? सूत्रधाराचे उत्तर सर्वपरिचित आहे. जुने म्हणून सगळेच चांगले नसते आणि नवे म्हणून काही टाकाऊ ठरत नाही. जाणते पारखून घेतात, अजाण मात्र दुसऱ्याच्या मतावर चालतात. आज या वचनाचा उपयोग कोणत्याही समारंभात होतो. परंतु ते ज्या स्थितीत उच्चारले गेले तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे. येथे एक नवखा नाटककार अभिजातांच्या दडपणाशी भांडतो आहे. पुढे काळाने विलक्षण उलटापालट केली. सौमिल्ल आणि कविपुत्र यांची नाटके लुप्त झाली, भासाची तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोणाच्या हाती नव्हती. त्रिवेंद्रम येथे टी. गणपतिशास्त्री यांनी ती १९१२ पासून प्रसिद्ध केली तेव्हा ती पुन्हा अवतरली. आणि ज्याने अभिजातांविरुद्ध तक्रार केली तोच सर्वांचा मापदंड होऊन बसला.

याच नाटकाच्या पहिल्या दोन अंकांत दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. गणदास आणि हरदत्त या दोघांत श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यासाठी त्यांच्या शिष्यांचे प्रयोग व्हावेत आणि परिव्राजिका कौशिकीने निर्णय द्यावा, असे ठरते. प्राध्यापकवर्गाने हा प्रवेश पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे. एखाद्याची विद्या त्याच्या स्वतःपुरती उत्तम असते, एखाद्याचे कौशल्य ती दुसऱ्यात उतरविण्यात असते. ज्याच्याजवळ दोन्ही आहे त्याला शिक्षकांत अग्रमान द्यावा, असे कौशिकी सांगते. आणि गणदास तर त्याहून तिखट बोलतो. मिळालेल्या पदावर निवांत बसून जो वाद टाळतो आणि ज्याची विद्या केवळ पोटापुरती उरते, त्याला तो ज्ञानाचा व्यापारी म्हणतो. आजच्या मूल्यमापनाच्या तक्त्यांत या दोन ओळी कोठे बसतील, हे पाहण्यासारखे आहे!

परंतु नाटककार म्हणून कालिदासाची चतुराई या सुभाषितांत नाही. ती अशी की हा सगळा विद्यावाद मुळात बनाव आहे. राजाला मालविकेला पाहायचे आहे. राणी धारिणी तिला दृष्टीआड ठेवते. म्हणून विदूषकाने दोन आचार्यांत काडी टाकली आहे. आचार्य मनापासून भांडतात, कौशिकी गांभीर्याने निर्णय देते आणि राजा केवळ पाहत असतो. पात्रांनी जड वेषभूषा करू नये, म्हणजे अंगांचा डौल दिसेल, ही कौशिकीची सूचना शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे आणि तीच राजाच्या पथ्यावर पडते. विद्या आणि सत्ता यांचे नाते इतक्या हलक्या हाताने दाखविणारा प्रसंग मराठी नाट्यवाङ्मयात सहजी सापडत नाही. तरीही आपल्याकडे या नाटकाला दरबारी प्रणयाचे दुय्यम नाटक म्हणून बाजूला सारण्यात आले आहे. प्रभाव पडण्यासाठी आधी वाचन व्हावे लागते; येथे तेच झाले नाही.

किर्लोस्करांनी काय घेतले

शाकुंतलाची गोष्ट वेगळी. त्याचा प्रभाव हा मराठी रंगभूमीच्या आधुनिक इतिहासाचा पायाच आहे. विल्यम जोन्स यांचे इंग्रजी भाषांतर १७८९ चे, त्यावरून फोर्स्टर यांचे जर्मन भाषांतर १७९१ चे. गटे हा महाकवी त्याने भारावून गेला आणि युरोपात शकुंतलेचे एक युगच सुरू झाले. शूबर्टने तिच्यावर संगीतिका लिहायला घेतली आणि ती अपुरी राहिली; कामीय क्लोदेल या शिल्पकर्तीने १८८८ साली तिचे शिल्प घडविले. आपल्या नवशिक्षितांनी कालिदासाकडे पुन्हा पाहिले त्यामागे ही युरोपीय वाखाणणीही होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परशुरामपंत गोडबोले यांनी शाकुंतल मराठीत आणले ते वाचकांसाठी. प्रेक्षकांसाठी ते आणले अण्णासाहेब किर्लोस्करांनी.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. हा दिवस संगीत रंगभूमीचा आरंभदिन मानला जातो. किर्लोस्करांनी नाटकात दोनशेच्या आसपास पदे घातली. चाली घेतल्या त्या ख्यालठुमरीच्या, कर्नाटकी पदांच्या, तशाच लावणीच्या, कीर्तनातील साकी-दिंडीच्या आणि घरातील ओवीच्याही. संस्कृत वृत्तातील श्लोकाचा अर्थ मराठी माणसाच्या कानात आधीच असलेल्या चालीवर बसविणे, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. कालिदास त्यामुळे पंडिताच्या पोथीतून सुटला. पुढे बालगंधर्वांनी १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केले ते शकुंतलेच्याच भूमिकेतून. व्ही. शांताराम यांनी आपल्या राजकमल संस्थेचा पहिला चित्रपट काढला तोही 'शकुंतला' (१९४३). तो मुंबईत शंभराहून अधिक आठवडे चालला. १९६१ साली 'स्त्री' या चित्रपटातून त्यांनी पुन्हा याच कथेकडे वळावे, यावरून तिची पकड लक्षात येते. देवलांनी 'विक्रमोर्वशीय'ही रंगभूमीवर आणले, पण शाकुंतलाची सर त्याला आली नाही.

चित्रकलेतही असेच झाले. राजा रविवर्मा यांची कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला (१८७६) आणि पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला (१८९८) या प्रतिमा शिळामुद्रणाच्या आणि पुढे दिनदर्शिकांच्या द्वारे घराघरांत पोहोचल्या. १८९४ मध्ये रविवर्म्यांचे मुद्रणालय सुरू झाले तेव्हा आरंभीच्या छापील चित्रांत शकुंतलाजन्माचे चित्र होते. आता या निवडीकडे नीट पाहावे. पत्र लिहिणारी, मागे वळून पाहणारी, निरोप घेणारी, अशी शकुंतला लोकांनी पसंत केली. दरबारात उभी राहून राजाला अनार्य म्हणणारी शकुंतला भिंतीवर आली नाही. उलट पॅरिसमधील क्लोदेलने निवडला तो सातव्या अंकातील क्षण, जेथे दुष्यंत गुडघ्यांवर आहे आणि शकुंतला त्याच्यावर झुकली आहे. एकाच नाटकाचा प्रभाव दोन देशांत दोन वेगळ्या अंकांतून पडतो, ही तुलनात्मक अभ्यासाला विषय पुरविणारी गोष्ट आहे.

चौथ्या अंकाचे माहात्म्य सांगणारी जुनी उक्ती आपल्याकडे प्रमाण मानली गेली आणि अध्यापनाची दिशाही तिनेच ठरविली. चौथा अंक हृद्य आहे, यात शंका नाही. तथापि नाटकाचा पेच पाचव्या अंकात आहे. महाभारतातील शकुंतला राजाशी स्वतः वाद घालते. तेथे शाप नाही, मुद्रिका नाही. कालिदासाने शाप आणि मुद्रिका घालून राजाचा दोष सौम्य केला, ही टीका नवी नाही. रोमिला थापर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात शकुंतलेच्या या बदलत्या रूपांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. तरीही एक गोष्ट सुटते असे वाटते. पाचव्या अंकाच्या आरंभीच हंसपदिका ही राजाची एक उपेक्षित स्त्री पडद्याआडून गाते. तिच्या गीतातील भ्रमर एका मोहराचा स्वाद घेऊन त्याला विसरून गेला आहे. राजाला गीताचा रोख कळतो, तो हसून विदूषकाला तिच्याकडे पाठवतो. म्हणजे दुर्वासाचा शाप नसता तरी विसरणे हा या राजाचा नित्याचा स्वभाव आहे, हे नाटककार शकुंतला दारात येण्यापूर्वीच सांगून टाकतो. दोष सौम्य करण्याची यंत्रणा त्याने उभी केली आणि तिच्याशेजारी तिला छेद देणारे गाणेही ठेवले. चौथ्या अंकाशी थांबणाऱ्या वाचकाला हे गाणे ऐकूच येत नाही.

हरवलेल्या भाषा

येथून मुख्य मुद्द्याकडे वळतो. हंसपदिकेचे हे गीत संस्कृतात नाही, ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. संस्कृत नाटकाचा संकेत असा की राजा, ऋषी, अमात्य यांनी संस्कृत बोलावे. स्त्रियांनी आणि विदूषकाने शौरसेनी बोलावी. त्याखालच्या मानलेल्या पात्रांनी मागधी वगैरे बोलावी. आणि स्त्रियांनी गावे ते मात्र महाराष्ट्रीत. शाकुंतलाच्या प्रस्तावनेतील नटीचे ग्रीष्मगीत, मालविकेचे नृत्यातील गीत, हंसपदिकेचे हे उपालंभगीत, ही सर्व आपल्या भाषेच्या पूर्वजेत आहेत. अर्थात कालिदासाने मराठीचे नाट्यपद किर्लोस्करांच्या कितीतरी शतके आधी लिहून ठेवले होते, असे म्हटले तर ते अगदीच वावगे ठरणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जी मांडणी झाली तिच्यात महाराष्ट्री प्राकृताचा आधार महत्त्वाचा होता. आणि तरीही आपल्या वर्गांतून शाकुंतल शिकविताना प्राकृत वाक्ये वाचली जात नाहीत. छापील आवृत्तीत त्यांच्याखाली दिलेली संस्कृत छाया वाचून विद्यार्थी पुढे जातो. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे हेच करीत आला आहे. परिणाम असा होतो की दुष्यंत आणि शकुंतला एकाच भाषेत बोलत आहेत, असा विद्यार्थ्याचा समज होतो.

ते एका भाषेत बोलत नाहीत. पाचव्या अंकात राजाचा नकार संस्कृतात येतो आणि शकुंतलेचा संताप शौरसेनीत. गवताने झाकलेल्या विहिरीसारखा तू धर्माचे कवच पांघरून आहेस, असे ती त्याला म्हणते ते तिच्या घरच्या भाषेत. न्यायाची भाषा एक आणि फिर्यादीची दुसरी, ही परिस्थिती गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये. आपल्या कचेऱ्यांत गोंडी, माडिया, तेलुगू किंवा झाडीबोली बोलणारा माणूस प्रमाण मराठीसमोर उभा राहतो तेव्हा काय घडते, हे आपण रोज पाहतो. कालिदासाने हा भाषाभेद समाजाच्या उतरंडीचे समर्थन म्हणून योजला की चित्रण म्हणून, यावर वाद होऊ शकेल. संकेत त्याच्या आधीपासूनचा होता, त्याने तो निर्माण केला नाही. परंतु रंगभूमीवर भेद ऐकू येत होता, हे निर्विवाद. मराठी रूपांतरांनी तो पुसून टाकला. किर्लोस्करांनी संगीतात जी बहुविधता साधली, ख्यालापासून ओवीपर्यंत, ती संवादांत आली नाही; तेथे सर्वांना एकच शिष्ट मराठी मिळाली. त्या काळाच्या गद्याची घडणच तशी होती आणि त्यांना याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत कोणी ते दुरुस्त केले नाही, हा दोष परंपरेचा आहे.

सहाव्या अंकाचा प्रवेशक याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. दोन शिपाई, सूचक आणि जानुक, एका बांधलेल्या माणसाला मारीत घेऊन येतात. मागून नगररक्षक, म्हणजे राजाचा मेहुणा, येतो. पकडलेल्या माणसाजवळ राजाच्या नावाची मुद्रिका सापडली आहे. तो सांगतो, मी शक्रावताराचा धीवर. शिपाई खेकसतो, तुझी जात आम्ही विचारली काय? तो जाळे आणि गळ यांवर कुटुंब पोसतो. मेहुणा हसतो, भलताच शुद्ध धंदा! त्यावर हा धीवर जे उत्तर देतो ते नाटकातील कोणत्याही ऋषीच्या वाक्याहून कमी वजनाचे नाही. जन्माबरोबर आलेले काम निंद्य म्हटले गेले तरी सोडता येत नाही. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने दयाळूच असतो. रोहू चिरताना पोटात मुद्रिका निघाली, ती विकायला दाखविली आणि पकडला गेलो, एवढीच त्याची हकीकत. शिपायांचे हात त्याच्या वधासाठी शिवशिवत असतात. मेहुणा राजाकडून परत येतो तो सुटकेचा हुकूम आणि मुद्रिकेच्या किमतीएवढे बक्षीस घेऊन. धीवर त्यातले अर्धे शिपायांना देतो. लगेच मेहुणा त्याला जिवलग मित्र म्हणवतो आणि सगळे मिळून मद्याच्या दुकानाकडे जातात.

या प्रवेशाला आपले समीक्षक विनोदी विश्रांती मानतात. ते अर्धसत्य आहे. ज्याच्या हाती मुद्रिका लागली नसती तर राजाला काहीच आठवले नसते, त्या माणसाला नाटकात नाव नाही. तो राजासमोर येत नाही. त्याचा पुरावा पुढे जातो आणि तो बाहेर मार खात थांबतो. नाटकाचे चक्र फिरते ते त्याच्या सुरीने, ऋषीच्या उःशापाची पूर्तता होते ती त्याच्या जाळ्याने. आणि हे बहुतांशी मागधीत चालते. शकुंतलेची कथा तपोवनात जन्मते आणि स्वर्गाच्या वाटेवर संपते. परंतु तिचा कणा नदीकाठच्या मासळीच्या वासात आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात 'धीवर' हा शब्द मेलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ढिवर समाज आजही आहे. मालगुजारी तलावांतील आणि नद्यांतील मासेमारी हा त्याचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. संस्कृत नाटकातील एका पात्राचे व्यवसायनाम ज्या प्रदेशात जातीचे नाव म्हणून उच्चारले जाते, तेथे हा प्रवेशक छायेवरून शिकविला जावा यात काहीतरी विपरीत आहे.

झाडीपट्टीचा पुरावा

कोणी म्हणेल, ही अपेक्षा ग्रंथालयात बसून केलेली आहे, रंगभूमीला ती पेलणारी नाही. त्यावर उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या भागातील झाडीपट्टी रंगभूमी हा संगीत नाटकाचा आजही जिवंत असलेला प्रवाह आहे. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. देसाईगंज-वडसा हे मंडळ्यांचे प्रमुख केंद्र. गावाबाहेरच्या शेतात मांडव घालतात, तिकिटे लावतात आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. शंकरपटाच्या दिवशी नाटक ठेवण्याची रीत होती. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने पट थांबले तेव्हा त्या गर्दीवर अवलंबून असलेल्या प्रयोगांनाही फटका बसला आणि डिसेंबर २०२१ नंतर पट पुन्हा सुरू झाले. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यामुळे या रंगभूमीचे नाव राज्याबाहेर गेले. शहरी समीक्षेने मात्र तिच्याकडे लोककला म्हणून पाहिले, नाट्यपरंपरा म्हणून पाहिले नाही.

झाडीपट्टीचे नाटक हे दंडार या स्थानिक लोकनाट्याच्या आणि संगीत नाटक मंडळ्यांच्या संकरातून वाढले. बाकी महाराष्ट्रात संगीत नाटकाचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बोलपटापुढे कोलमडला. येथे नट प्रत्यक्ष गातो, साथीचे वादक रंगमंचालगत बसतात आणि प्रेक्षक पद पुन्हा म्हणायला लावतो, हे अजून घडते. किर्लोस्करांनी कालिदासाच्या आधाराने जे रूप घडविले त्याचा एक दूरचा पण अखंड वारस म्हणून झाडीपट्टीकडे पाहता येईल. कथानके आज बहुतांशी कौटुंबिक आणि सामाजिक असतात. त्यांत दुष्यंत नाही की कण्व नाही. म्हणून येथे प्रभाव कथेत शोधू नये, प्रयोगाच्या बांधणीत शोधावा.

आणि आणखी एक गोष्ट येथे आपोआप टिकली आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत गंभीर पात्रे बहुधा प्रमाण मराठीत बोलतात आणि विनोदी पात्र झाडीबोलीत. म्हणजे नागर रूपांतरांनी पुसलेला भाषाभेद येथे, कोणीही संस्कृत नाट्यशास्त्र न वाचता, पुन्हा उभा राहिला. मात्र हे साम्य पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. कालिदासाच्या नाटकात प्राकृत ही केवळ हसविण्याची भाषा नव्हती. विदूषक ती बोलत होता तशी शकुंतलाही बोलत होती. भुकेची तक्रार आणि दरबारातील संताप या दोहोंना ती पुरत होती. झाडीबोलीला अजून पहिलीच कामगिरी प्रामुख्याने मिळते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले, तिची साहित्यसंमेलने भरली, तिच्यात कविता झाली. रंगमंचावर ती अद्याप नायिकेच्या तोंडी शोक किंवा क्रोध म्हणून क्वचितच येते. ज्या दिवशी एखादी फसविली गेलेली मुलगी वडशाच्या रंगमंचावर प्रमाण मराठी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला झाडीबोलीत जाब विचारील आणि मांडवात कोणी हसणार नाही, त्या दिवशी पाचवा अंक मराठीत उतरला असे म्हणता येईल. तिचे नाव शकुंतला असण्याची आवश्यकता नाही.

येथे एक आक्षेप मोकळेपणाने घेतला पाहिजे, तो स्वतः कालिदासावर. वनाकडे पाहण्याची त्याची दृष्टी एकसारखी नाही. शाकुंतलातील वन हे आश्रमाचे वन आहे, तेथील हरिणांना अभय आहे, वेलींना नावे आहेत. 'मालविकाग्निमित्रा'त मालविकेचा तांडा ज्या वनातून जातो तेथे पाठीवर भाते आणि मोरपिसे लावलेले वनवासी तुटून पडतात, अमात्य सुमती मारला जातो आणि राजकन्या हरवते. ऋषींचे वन तेवढे संस्कृत, बाकीचे लुटारूंचे. ही विभागणी दरबारातून दिसणाऱ्या वनाची आहे. तो मार्ग विदर्भातून उत्तरेकडे विदिशेला जाणारा, म्हणजे ते वन आपले नव्हे, असा भूगोलाचा आधार घेता येईल. पण दृष्टी तीच आहे आणि ती पुढेही कित्येक लेखकांत उतरली आहे. जंगलपट्टीतील आजचा वाचक कालिदासाचा वारसा सांगताना या मोरपिसांविषयी गप्प बसू शकत नाही. त्या वनवासींना नाटकात एकही वाक्य नाही. धीवराला निदान उत्तर देता आले.

प्रयोगाच्या दृष्टीने पाहता, सहाव्या अंकाचा हा प्रवेशक स्वतंत्र एकांकिकेसारखा उभा राहू शकतो. चार पात्रे, एक दोरी, एक मुद्रिका आणि शेवटी मद्याचे दुकान. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाला हे सहज झेपण्याजोगे आहे. अडचण आहे ती केवळ भाषेच्या वाटणीची. मुळात नगररक्षक शौरसेनी बोलतो आणि शिपाई व धीवर मागधी. म्हणजे अधिकारी एका थरावर आणि मारणारे व मार खाणारे दुसऱ्या एकाच थरावर. शिपाई धीवराला जात विचारून हिणवतो खरा, पण दोघांची बोली एकच आहे. नागभीड-ब्रह्मपुरीकडे हा प्रवेश करताना अधिकाऱ्याला प्रमाण मराठी आणि उरलेल्या तिघांना झाडीबोली दिली की मूळ रचना जशीच्या तशी हाती येते. एटापल्ली-भामरागडकडे तिघांपैकी शिपायांना कोणती भाषा द्यावी, हे ठरविणे इतके सोपे राहणार नाही. तेथे धीवर माडिया बोलेल आणि मध्ये कदाचित एक पाचवे पात्र, दुभाषा, घालावे लागेल. आणखी खाली, वरदेचे पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीला जाऊन भेटते त्या सिरोंच्याला, रोहू चिरणारा माणूस तेलुगूत सांगेल की ही मुद्रिका मला माशाच्या पोटात सापडली.